फणस समजून ड्युरियन घेऊ नये: कोकणी कुटुंबासाठी व्हिएतनाम-प्रवासाच्या सूचना

कोकणातल्या कुटुंबाने परदेशात सर्वांत जपून वागावे ते कोकणासारख्या दिसणाऱ्या देशात. जिथे बर्फ पडते आणि दुपारी चारला अंधार होतो तिथे घरातली वडील मंडळी आपोआप शिस्तीत राहतात, विचारल्याशिवाय काही खात नाहीत आणि एकमेकांचा हात सोडत नाहीत. व्हिएतनाममध्ये मात्र विमान खाली येऊ लागताच भातखाचरे, माड आणि खाडीची वळणे दिसतात, "ह्यो तर आपलोच गाव" असा शेरा कोणीतरी मारतो आणि त्या क्षणापासून सगळे निर्धास्त होतात. बाजारात फणस असतो, काजू असतो, ओल्या आणि सुक्या मासळीचा ओळखीचा वास असतो. भाषेचे एक अक्षर कळत नसते, पण लिपी रोमन असल्यामुळे ती वाचता येत असल्याचा भास होत राहतो. पुढील सूचना मालवणकडच्या एका मोठ्या कुटुंबाच्या, म्हणजे आमच्याच, फजित्यांवरून काढलेल्या आहेत. ज्यांच्या घरात एकही काका नाही त्यांनी यातल्या निम्म्या सोडून दिल्या तरी चालेल.

निघण्यापूर्वी

पहिली फसगत घरातल्या कॅलेंडरासमोर होते. दसरा झाला की पाऊस गेला, हा हिशेब कोकणात सहसा चुकत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतला प्रवास कोरडा असेल असे सगळे गृहीत धरतात. मध्य व्हिएतनामला, म्हणजे हुए, दा नांग आणि होई आन या पट्ट्याला, मोठा पाऊस ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे मिळतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले सर्वाधिक पावसाचे महिने असतात. या दिवसांत होई आनच्या जुन्या बाजारपेठेत नदीचे पाणी शिरते आणि रस्त्यावरून होड्या चालतात. त्या भागासाठी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. मे महिना कडक उन्हाचा असतो, पण शाळेच्या सुट्टीमुळे दुसरा इलाज नसेल तर निदान ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या जोडसुट्ट्या टाळाव्यात. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत त्यांचे चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, येते. तेव्हा दुकाने आणि खाणावळी बंद ठेवून लोक आपापल्या गावी जातात. गणपतीत गिरगावात हॉटेल शोधणाऱ्याला याहून अधिक सांगायला नको.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा काढता येतो आणि एकदाच प्रवेश करण्याच्या व्हिसाचे शुल्क २५ डॉलर आहे. हुबेहूब सरकारी दिसणारी दलालांची संकेतस्थळे पुष्कळ असल्याने पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे की नाही, हे पाहूनच पैसे भरावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्जातले नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव येते आणि अर्ज भरणारा पुतण्या ते "उगाच लांबण" म्हणून गाळतो. असे गाळलेले नाव विमानतळावरच्या खिडकीत सापडते, आणि तिथे पुतण्याला घरी गाठून बोलण्याइतका वेळ नसतो.

सामानाविषयी थोडेच सांगतो. सुके खोबरे त्यातल्या तेलामुळे ज्वालाग्राही समजले जाते, म्हणून विमानात नेता येत नाही. आत्याने वाट्या कपड्यांच्या घडीत लपवल्या तरी क्ष-किरणाला त्या दिसतात. आगळाची बाटली हातातल्या बॅगेत ठेवू नये, कारण तिथे १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतला द्रव पदार्थ चालत नाही. ताज्या हापूसची पेटी घरीच ठेवावी. फणसपोळी, आंबापोळी, मेतकूट आणि पोहे भरपूर घ्यावेत. तिथे वीज २२० व्होल्टचीच असते आणि आपले दोन पिनांचे चार्जर बहुतेक ठिकाणी बसतात, तीन पिनांचे मात्र बसत नाहीत. ज्येष्ठ मंडळी जो प्रश्न चारचौघांत विचारत नाहीत त्याचे उत्तर असे, की तिथल्या न्हाणीघरांत पाण्याचा फवारा बहुधा असतो.

पैसे

व्हिएतनामी चलन डाँग आहे आणि त्यात पाऊल ठेवताच प्रत्येक कुटुंब लक्षाधीश होते. हिशेबाची सोपी रीत अशी, की शेवटची तीन शून्ये झाकावीत आणि उरलेल्या आकड्याची साडेतीनपट करावी. सध्याच्या दराने रुपयांतले उत्तर खऱ्यापेक्षा किंचित जास्त येते, आणि खर्चाच्या बाबतीत ते बरेच असते. तिथे हजाराचा विभाग स्वल्पविरामाऐवजी टिंबाने दाखवतात. त्यामुळे दरपत्रकावर ५०.००० असे दिसले तर ते पन्नास नसून पन्नास हजार असतात, आणि पुष्कळदा नुसते ५० लिहून पुढे ‘के’ हे अक्षर काढलेले असते. टॅक्सीचा मीटरसुद्धा शून्ये गाळतो. काकांनी मीटरवरचा ४५ हा आकडा पाहून चालकाच्या हातावर पन्नास डाँग ठेवण्याची तयारी केली होती. एवढ्या लहान किमतीचे चलन त्या देशात हातात येतच नाही, हे कळायला त्यांना सबंध पाकीट उपसावे लागले.

नोटांपैकी २०,००० ची आणि ५,००,००० ची या दोन विशेष सांभाळाव्यात. दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचेच चित्र. एक सुमारे ७० रुपयांची आणि दुसरी सुमारे १,७०० रुपयांची. होई आनमध्ये संध्याकाळच्या अंधुक उजेडात आत्याने कागदी कंदील घेतला, वीस हजार समजून पाच लाखांची नोट दिली आणि ती पुढे चालू लागली. कंदीलवाली बाई हाका मारत मागे धावली. ती भाव वाढवून मागते आहे अशी आत्याची खात्री झाल्याने आत्याने वेग वाढवला, बाईने आणखी वाढवला, आणि जपानी पुलापाशी गर्दीत अडकल्यावर बाईने धापा टाकत उरलेले पैसे आत्याच्या मुठीत कोंबले. आत्याने तिला तिथेच मिठी मारली, पण तोवर कंदील चेपला होता. म्हणून पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात आणि लहान खरेदीच्या वेळी तो कप्पा उघडूच नये. घरी निघण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही नोटांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून सर्वांची तोंडी परीक्षा घेतली तर उत्तम.

खाणे

मासे खाणाऱ्यांना व्हिएतनाममध्ये अडचण नाही, मात्र त्यांनी गोमांस आणि डुकराचे मांस ओळखायला शिकावे. तिथल्या प्रसिद्ध शेवयांच्या सूपचे, म्हणजे ‘फो’चे, दोन मुख्य प्रकार आहेत: ‘बॉ’ म्हणजे गोमांसाचे आणि ‘गा’ म्हणजे कोंबडीचे. डुकराला उत्तरेत ‘लॉन’ आणि दक्षिणेत ‘हेओ’ म्हणतात, माशाला ‘का’, कोळंबीला ‘तोम’. हे शब्द बोलण्याच्या भरीस पडू नये, कारण ती भाषा सुरांची आहे आणि आपला सूर हमखास चुकतो. हॉटेलातल्या कर्मचाऱ्याकडून ते व्हिएतनामी अक्षरांत कागदावर लिहून घ्यावेत आणि दरपत्रकाशी ताडून पाहावेत.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांसाची नसून पाण्याची आहे. भाजी साधी दिसते, पण तिच्यात ‘नुओक माम’ पडलेले असते, म्हणजे लहान मासे मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेले पाणी, आणि स्वयंपाक्याच्या दृष्टीने ते मीठच असते. "मांस नको" एवढ्याने भागत नाही. ‘चाय’ अशी पाटी असलेल्या बौद्ध शाकाहारी खाणावळी जवळजवळ प्रत्येक गावात असतात, तिथे जावे. त्यांच्यापैकी काहींत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. तिथले पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. घरच्या कॅलेंडरवर पौर्णिमा पाहून ठेवली, तर त्या सुमारास एरवीच्या खाणावळींतही असे पदार्थ अधिक मिळतील.

या खाणावळींविषयी एक पूर्वसूचना मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच द्यावी. आमची आजी सोमवार कडक पाळते. सोमवारीच एका ‘चाय’ खाणावळीत तिच्यासमोर जे ताट आले त्यात चार कोळंब्या होत्या: शेपटी वळलेली, पाठीवर तांबडे पट्टे, अगदी हर्णैच्या लिलावातून उचलल्यासारख्या. सुंगटे सोलण्यात जन्म गेलेल्या बाईला कोळंबी कोणती हे कोणी शिकवायचे? आजीने ताट सारले, चूळ भरली आणि सगळ्या कुटुंबावर नजर फिरवली. मालकीण घाबरून आत गेली आणि फ्रीजमधले पाकीट घेऊन आली, त्यावर पानाचे हिरवे चित्र होते. त्या खाणावळींत सोयाबीन, गव्हातला चिकट भाग आणि कंद यांपासून मासे, कोंबडी आणि कोळंबी यांच्या हुबेहूब नकला बनवतात, आणि त्यात त्यांना मोठा अभिमान असतो. आजीला हे सगळे पटले, तरी तिने निकाल दिला: "खोट्या सुंगटांपरास मंगळवारी खरी खाईन." तिने ती मंगळवारी खाल्लीही.

अंडे न खाणाऱ्यांनी हनोईतली एक विशिष्ट कॉफी टाळावी. १९४६ साली दुधाच्या टंचाईत तिथे अंड्याचा पिवळा बलक फेटून कॉफीवर घालण्याची युक्ती निघाली, आणि तो फेस दाट सायीसारखा दिसतो. आत्याने एक पेला संपवून दुसरा मागवल्यावर पुतण्याने भिंतीवरचे चित्र तिला दाखवले. जांभळट रंगाची दाट चटणी ताटाशेजारी आली तर ती कोळंबीची, ‘माम तोम’, असते. जवळ्यावर वाढलेल्या माणसाला ती आवडण्याचा संभव आहे, पण पहिल्यांदा बोटाच्या टोकाइतकीच घ्यावी.

आता फणसाविषयी. फणस तिथे ‘मीत’ नावाने मिळतो आणि विक्रेते गरे काढूनच देतात. ड्युरियन दिसायला लहान फणसासारखा असतो, पण त्याचे काटे लांब, कडक आणि बोचणारे असतात. त्याला देठाला धरून उचलतात, फणसासारखा खांद्यावर घेत नाहीत. काकांनी बाजारात असा एक पाहिला, "बरको दिसता, पण चलात" असे म्हणत तो सबंध विकत घेतला, आणि विक्रेती तो फोडून देण्यासाठी हात पुढे करत असता पिशवीत घालून हॉटेलवर आणला. खोलीत वर्तमानपत्र पसरून त्यांनी चिकासाठी हाताला खोबरेल लावले. ड्युरियनला चीक नसतो. त्याला वास मात्र असतो, आणि वातानुकूलित खोलीच्या नळीतून तो शेजारच्या खोल्यांत जातो. थोड्याच वेळात स्वागतकक्षातला तरुण हातात एक छापील पत्रक घेऊन दारात आला. त्यावर त्याच फळाचे चित्र होते आणि चित्रावर लाल काट मारलेली होती. ते चित्र लिफ्टमध्येही होते, पण काकांना ती फणस मिळत असल्याची जाहिरात वाटली होती. हॉटेले असे फळ आणणाऱ्याकडून खोली धुण्याचा खर्च घेतात आणि विमानातही ते चालत नाही. चव पाहायची असेल तर गाड्यापाशी उभे राहून पाहावी, आणि सबंध फळ कोणाच्याही काकांच्या हाती देऊ नये.

खाणाखुणा आणि मोबाइल

होकार देताना आपण मान दोन्ही बाजूंना डोलावतो. तिथे तिचा अर्थ नकार असा घेतला जातो. काकांना भाजी आवडली, वाढणाऱ्याने खुणेने विचारले, काकांनी समाधानाने मान डोलावली आणि त्याने ताट उचलून नेले. होकारासाठी अंगठा वर करावा, नकारासाठी हाताचा पंजा हलवावा, मान शक्य तेवढी स्थिर ठेवावी. बोलावताना तळवा खाली ठेवून बोटे हलवावीत. तळवा वर करून एका बोटाने बोलावणे किंवा शुकशुक करणे उर्मटपणाचे समजतात. तर्जनीवर मधले बोट चढवून शुभेच्छा देण्याची जी खूण तरुण मुले छायाचित्रांत करतात, ती तिथे अश्लील मानली जाते. मुलांना हे आधी सांगावे, कारण आपण कारण सांगेपर्यंत ती तीनदा करून झालेली असते.

भाषांतराचे ॲप मोबाइलवर असावेच आणि व्हिएतनामी भाषा नेट नसतानाही चालेल अशी आधीच उतरवून घ्यावी. ॲपशी बोलताना मालवणी सोडून छापील मराठीत, लहान वाक्यांत आणि एका वेळी एकानेच बोलावे. "जरा पोटाक बरा नाय वाटना, काय तरी हलक्या असला तर बघ" असे काकांनी फोनला सांगितले. त्याने काय ऐकले देव जाणे, पण दुकानदारीण आतून पिसांचा झाडू घेऊन आली. भाषांतर झाल्यावर ते उलट फिरवून मराठीत पुन्हा वाचावे. अर्थ टिकला असेल तरच पडदा समोरच्याला दाखवावा. औषधाच्या बाबतीत ॲपवर विसंबू नये. गोळ्यांची मूळ पाकिटे बरोबर न्यावीत आणि औषधाचे छापील रासायनिक नाव दुकानात दाखवावे.

रस्ता आणि होडी

वाहने तिथे उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे. स्कूटरींचा लोंढा कधी थांबत नाही. त्यात हळू, एकसारख्या गतीने चालत राहायचे असते आणि चालक आपल्याला वळसा घालतात. धावू नये, थबकू नये आणि मुख्य म्हणजे मागे फिरू नये. कुटुंबातले अर्धे लोक पुढे जातात, मागचे "अगो थांब" म्हणून ओरडतात, मधली वहिनी दोन्हींकडे पाहते, आणि वळसा कोणत्या बाजूने घालावा हे चालकाला कळेनासे होते. घोळक्याने, खांद्याला खांदा लावून जावे. लांब साखळी करू नये. बस आणि मोटारी मात्र वळसा घालत नाहीत, त्यांना आधी जाऊ द्यावे.

होई आनजवळ काम थान येथे पाण्यातल्या माडांच्या राईत बांबूच्या विणलेल्या गोल टोपल्यांतून फिरवतात. खाडीत होडी मारण्याचा सराव असलेल्यांनी इथे वल्हे मागू नये. या टोपलीला पुढचे-मागचे टोक नसते. आपल्या सवयीप्रमाणे एका बाजूने पाणी मारले की ती जागच्या जागी फिरते. तिथले लोक वल्हे समोरच्या बाजूला उभे धरून पाण्यात इंग्रजी आठाच्या आकारात फिरवतात, तेव्हा ती पुढे ओढली जाते. काका बराच वेळ एकाच माडाभोवती प्रदक्षिणा घालत होते. दुसऱ्या टोपलीतला नावाडी पर्यटकांच्या करमणुकीसाठी ती भोवऱ्यासारखी फिरवून दाखवत होता; त्यात आजी बसलेली होती, ती जितकी किंचाळे तितका त्याला हुरूप येई, कारण इतर पाहुणे आनंदाने किंचाळतात. थांबवायचे असेल तर ओरडू नये, तळहात समोर धरावा.

हरवणे

हनोईच्या जुन्या भागात पूर्वी एकेका धंद्याची एकेक आळी होती आणि त्यातल्या बहुतेकींचे नाव ‘हांग’ या शब्दाने सुरू होते: हांग बाक, हांग गाय, हांग बुओम अशा. "हांगला भेटू" असे ठरवून आमची मंडळी पांगली आणि प्रत्येक जण वेगळ्या हांगला, वेळेवर, उभा राहिला. भेटीची जागा गल्लीच्या नावाने ठरवू नये. होआन किएम तळ्यावरचा लाल लाकडी पूल ही चुकण्यास अवघड अशी जागा आहे. नुसते "तळ्यावर" म्हणू नये, कारण तळ्याला चारी बाजू असतात आणि कुटुंब नेमके त्याभोवती एकमेकांच्या मागून फिरत राहते.

पोलिसांसाठी ११३, अग्निशमनासाठी ११४ आणि रुग्णवाहिकेसाठी ११५ हे क्रमांक आहेत. भारतीय दूतावास हनोईत आणि महावाणिज्य दूतावास हो ची मिन्ह शहरात आहे, त्यांचे पत्ते आणि दूरध्वनी निघण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्यावेत. हॉटेलात पाऊल ठेवल्याबरोबर त्याची छापील कार्डे माणशी एक मागून घ्यावीत. पत्ता व्हिएतनामीत असलेले हे कार्ड टॅक्सीवाल्याला दाखवले की एक शब्दही न बोलता परत पोहोचता येते. सगळी कार्डे मिळून आत्याच्या पर्समध्ये ठेवू नयेत, कारण आत्या पुढे निघून गेलेली असते. ती ज्याची त्याच्या खिशात असावीत, आणि आजीचे कमरेच्या बटव्यात.